डीव्हीडी प्लेअर भंगारात देण्याआधी लग्नाची डिस्क लावून बघा

दिवाळीची साफसफाई निघाली किंवा घर बदलायची वेळ आली, की माळ्यावरून एक वस्तू हमखास खाली येते. काळा किंवा चंदेरी, चपटा डबा. मागे लाल, पांढरी आणि पिवळी पिन लावायची भोकं. रिमोट बहुधा हरवलेला. हो, तोच तुमचा डीव्हीडी प्लेअर. ‘आता याला कोण विचारतंय? मोबाइलवर सगळं दिसतं,’ असं म्हणून तुम्ही तो भंगाराच्या ढिगात टाकता.

जरा थांबा. त्याच कपाटात एक पिशवी किंवा झिपचं पाकीट असेल, ते उघडा. लग्नाची सीडी, मुंजीची सीडी, बाळाचं बारसं, आजोबांच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम. आता स्वतःलाच विचारा, या डिस्क बघायला घरात आज दुसरं काय आहे? बहुतेक नव्या लॅपटॉपना डिस्क घालायची जागाच नसते. टीव्हीला नाही, मोबाइलला तर नाहीच.

त्या काळी पाहिलेले सिनेमे आज कुठे ना कुठे सापडतात. तुमच्या लग्नाचं रेकॉर्डिंग मात्र इंटरनेटवर सापडणार नाही. ते त्या एका डिस्कवर आहे आणि ते वाचू शकणारं यंत्र तुम्ही भंगारात द्यायला निघाला आहात.

स्वस्त झाला आणि घराघरांत पोहोचला

डीव्हीडी पहिल्यांदा बाजारात आली ती नोव्हेंबर १९९६ मध्ये, जपानमध्ये. सुरुवातीला प्लेअर इतके महाग होते की ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच दिसायचे. आपल्याकडे बरीच वर्षं व्हीसीडीचंच राज्य होतं. सीडीवर जेमतेम ७०० एमबी मावतात, म्हणजे साधारण सव्वा तासाचं चित्रण. म्हणून एका हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन डिस्क लागायच्या आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगी कुणाला तरी उठून डिस्क बदलावी लागायची. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. अख्खा सिनेमा एका डिस्कवर आणि चित्रही जास्त स्वच्छ.

पुढे चिनी बनावटीचे सुटे भाग स्वस्त झाले आणि प्लेअरची किंमत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा किराणा दुकानाच्या काउंटरवरसुद्धा सिनेमे दिसू लागले. जी मराठी घरं इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू किंवा दिल्लीत होती, त्यांच्यासाठी तर ही मोठीच सोय होती. तिथे मराठी नाटकाचा प्रयोग वर्षाकाठी एखादा. पण पुण्या-मुंबईहून येणारा पाहुणा चिवडा-चकलीबरोबर नाटकाच्या चार डिस्कही घेऊन यायचा आणि त्या शेजारपाजारच्या घरांतून फिरत राहायच्या.

याच सुमारास लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी व्हिडिओ कॅसेट सोडून डिस्क द्यायला सुरुवात केली. म्हणून साधारण २००० ते २०१५ या काळात ज्यांची लग्नं झाली, ज्यांची मुलं लहान होती, त्यांच्या घरच्या आठवणी डिस्कवरच आहेत. पेन ड्राइव्ह आणि मोबाइल नंतर आले.

वापरणाऱ्यांचं काय म्हणणं?

ज्यांनी स्वस्तातला प्लेअर वापरला, त्यांच्याशी बोललात तर तक्रारी आणि कौतुक दोन्ही ऐकू येतात.

कौतुक बहुधा एकाच गोष्टीचं असतं, ‘आमचा प्लेअर काहीही खायचा!’ नामांकित कंपनीचे महागडे प्लेअर बरेचदा नखरे करायचे. घरी कॉपी केलेली डिस्क नाकारायची, परदेशातून आणलेली डिस्क नाकारायची. स्वस्तातला प्लेअर मात्र व्हीसीडी, एमपी३ गाण्यांची सीडी, फोटोंची सीडी, स्टुडिओने दिलेली लग्नाची डिस्क, सगळं मुकाट्याने चालवायचा. अनेकांमध्ये पेन ड्राइव्हची सोय होती, कराओकेसाठी माइक लावायची जागा होती. कॉलनीतल्या गणेशोत्सवात याच प्लेअरवर गाण्याच्या स्पर्धा झाल्या आहेत.

दुसरं कौतुक ज्येष्ठांकडून येतं. डिस्क घातली, बटण दाबलं, सुरू. पासवर्ड नाही, महिन्याचं भाडं नाही, मध्येच जाहिरात नाही आणि एक संपलं की आपोआप भलतंच काही सुरू होत नाही. लहान मुलाला बडबडगीतांची डिस्क लावून दिली, तर ती संपल्यावर खरोखर संपते. आजच्या आयांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तक्रारीही ठरलेल्या असतात. वर्ष-दोन वर्षांत डिस्क अडकू लागते. चित्राचे चौकोनी तुकडे होतात. ट्रे बाहेर येत नाही. पडद्यावर ‘नो डिस्क’ असं येतं. रिमोटची बटणं दबेनाशी होतात. यातल्या बऱ्याच तक्रारी घरच्या घरी किंवा थोड्या खर्चात सुटतात, पण तेवढं न बघताच प्लेअर माळ्यावर गेलेले असतात.

डिस्क कायमची नसते

दुकानातून विकत घेतलेली सिनेमाची डिस्क आणि स्टुडिओने दिलेली लग्नाची डिस्क दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या असतात. सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यातून छापलेली असते. लग्नाची डिस्क मात्र कॉम्प्युटरवर लेझरने लिहिलेली असते. तिच्यात एका विशिष्ट रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हे रंगद्रव्य हळूहळू बिघडतं. मुंबई, कोकण, गोवा, चेन्नई, कोलकाता अशा दमट हवेत तर डिस्कवर बुरशीचे डागही पडतात.

डीव्हीडी म्हणजे प्लास्टिकच्या प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मध्ये असते. कडेने हवा आणि ओल आत शिरली तर हा जोड सुटू लागतो. वरून सुंदर फोटोचा स्टिकर चिकटवला असेल, तर तो आकसताना डिस्क किंचित वाकू शकते.

म्हणजे एकीकडे डिस्क म्हातारी होते आहे आणि दुसरीकडे तिला वाचणारी यंत्रं घरातून नाहीशी होताहेत. व्हिडिओ कॅसेटच्या बाबतीत हे आपण एकदा अनुभवलं आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपन्यांपैकी एक, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आज ज्यांच्या घरी कॅसेट आहे, त्यांना चालू व्हीसीआर शोधत फिरावं लागतं. डिस्कवर ती वेळ यायला अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्यात काम उरकून घ्या.

प्लेअर पुन्हा सुरू करताना

सगळ्यात आधी प्लेअर कोरड्या फडक्याने पुसा. बरीच वर्षं बंद असेल तर वायर कुठे उंदराने कुरतडलेली नाही ना, हे तपासा. प्लग लावल्यावर जळका वास आला किंवा आतून आवाज आला तर ताबडतोब बटण बंद करून मेकॅनिककडे न्या. झाकण स्वतः उघडू नका. आतल्या भागात प्लग काढल्यावरही काही काळ वीज साठून राहू शकते.

नव्या टीव्हीला पिना लावायची जागाच नाही : काही टीव्हींमध्ये तीन पिनांऐवजी हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं. त्यासाठी एका टोकाला छोटी पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची भोकं असलेली वायर मिळते. या वायरींची आतली जोडणी सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे चित्र आलं नाही तर पिवळी पिन लाल भोकात लावून बघा. टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर घ्या. दुकानात ‘एचडीएमआय टू एव्ही’ नावाचा, अगदी तसाच दिसणारा डबा असतो. तो उलट्या कामाचा आहे. नाव नीट वाचून मगच पैसे द्या.

आवाज येतो, पण चित्र नाही : यामुळे बरेच चांगले प्लेअर बिघडले म्हणून टाकून दिले गेले आहेत. खरं कारण साधं असू शकतं. प्लेअरमध्ये चित्र बाहेर पाठवायचे दोन-तीन प्रकार असतात आणि रिमोटवरचं बटण चुकून दाबलं गेलं की तो दुसऱ्याच प्रकारात जातो. रिमोटवर ‘व्ही-मोड’, ‘व्हिडिओ’ किंवा ‘पी-स्कॅन’ असं बटण असेल तर ते थोडं थांबून एकेकदा दाबत जा. चित्र परत येण्याची चांगली शक्यता असते.

चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वरखाली सरकतं : भारतात पाल ही पद्धत आहे, अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार ‘पाल’ किंवा ‘ऑटो’ करा. पिवळी पिन चुकून हिरव्या भोकात गेली असेल तरीही चित्र काळंपांढरं येऊ शकतं.

‘नो डिस्क’ : आधी दुसरी एखादी डिस्क लावून बघा. ती चालली तर दोष पहिल्या डिस्कचा. एकही चालत नसेल तर लेन्सवर धूळ बसलेली असेल. छोटे ब्रश लावलेली लेन्स साफ करायची डिस्क मिळते, ती एकदा फिरवून बघा. तरीही जमलं नाही तर लेन्सचा भाग झिजलेला असू शकतो. अनेक स्वस्त प्लेअरमध्ये तो बदलता येतो.

ट्रे बाहेर येत नाही : बहुधा आतला छोटा रबरी पट्टा कडक झालेला किंवा सैल पडलेला असतो. हा पट्टा अगदी स्वस्तात मिळतो आणि मेकॅनिक तो पटकन बदलून देतो. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून ट्रे ओढू नका.

रिमोट हरवला : रिमोटशिवाय मेनूत शिरता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मॉडेल नंबर दाखवून तसाच रिमोट मागा. तो नसेल तर सगळ्या कंपन्यांना चालणारा रिमोट बहुधा मिळतो.

सिनेमा मध्येच क्षणभर थांबतो : काही डीव्हीडींवर माहितीचे दोन थर असतात आणि त्यांवर ८.५ जीबी मावतात. लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थबकतं. तो बिघाड नाही.

परदेशातली डिस्क चालत नाही : डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. भारत विभाग ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये, युरोप आणि जपान २ मध्ये. मुलीने अमेरिकेतून आणलेली सिनेमाची डिस्क इथे चालली नाही तर डिस्कला दोष देऊ नका. घरगुती रेकॉर्डिंगला हा विभागाचा अडथळा नसतो.

छोट्या डिस्कच्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. काही हौशी मंडळींकडे ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर शूटिंग करणारे कॅमेरे होते. ती डिस्क ट्रेच्या आतल्या छोट्या खाचेत ठेवायची. ती चालली नाही, तर कदाचित शूटिंगनंतर कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ करायची राहिली असेल. कॅमेरा अजून घरात असेल तर तो टाकून देऊ नका.

डिस्क पुसताना मऊ सुती कापड घ्या आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल घासू नका. टूथपेस्ट वगैरे घरगुती उपाय तुमच्या एकुलत्या एक लग्नाच्या डिस्कवर करून बघू नका.

चालली? मग आजच कॉपी करा

डिस्क चालली की सगळे बघत बसतात, हसतात, कुणाचे डोळे भरून येतात आणि डिस्क पुन्हा पाकिटात जाते. असं करू नका. आज चाललेली डिस्क पुढच्या दिवाळीत चालेलच असं नाही.

सोपा मार्ग म्हणजे कॉम्प्युटर. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या किंवा ओळखीत कुणाकडे असेल तर दोन दिवस मागून आणा. डिस्क उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. तो अख्खा कॉपी करा. ‘ऑडिओ टीएस’ हा फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका, तो बहुधा रिकामाच असतो. एका साध्या डिस्कचे जास्तीत जास्त ४.७ जीबी धरले, तर दहा डिस्क ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर आरामात बसतात. मोबाइलवर बघायचं असेल तर ‘हँडब्रेक’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने त्याची एमपी४ फाइल करता येते. पण मूळ फोल्डरही जपून ठेवा, कारण फाइल छोटी करताना चित्राचा दर्जा थोडा उतरतो.

आता या जुन्या डब्याचं खरं मोल ऐका. घरी लिहिलेली डिस्क एका ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही, पण दुसऱ्यात वाचली जाते, असं पुष्कळदा होतं. कॉम्प्युटरने हात टेकले तरी तुमचा तोच ‘काहीही खाणारा’ प्लेअर ती डिस्क चालवू शकतो. अशा वेळी यूएसबी कॅप्चर नावाची छोटी वस्तू मिळते. तिला प्लेअरच्या तीन पिना लावायच्या, दुसरं टोक लॅपटॉपला. प्लेअरवर डिस्क चालते आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड होत जाते. तीन तासांच्या डिस्कला तीन तास लागतात, पण काम होतं.

हे स्वतः जमत नसेल तर जवळच्या फोटो स्टुडिओत विचारा. मूळ डिस्क परत मिळेल याची खात्री करून घ्या आणि तयार फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितल्याशिवाय डिस्क टाकू नका.

कॉपी एकाच ठिकाणी ठेवू नका. एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक भावाकडे किंवा बहिणीकडे दुसऱ्या गावी. फाइलला ‘नवीन व्हिडिओ १’ असं नाव न देता कुणाचं लग्न, कोणतं गाव आणि कोणतं वर्ष, असं नाव द्या.

आणि हो, हे सगळं घरच्या रेकॉर्डिंगपुरतं. बाजारातल्या सिनेमा-नाटकांच्या डिस्कवर त्यांच्या निर्मात्यांचा हक्क असतो. त्यांच्या कॉपी करून वाटू नका.

आजी-आजोबांना शेजारी बसवा

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग यंत्राचा नाहीच. जुनं लग्न बघताना पडद्यावर निम्मी माणसं ओळखू येत नाहीत. मंगलाष्टकं म्हणणारे ते गृहस्थ कोण? मांडवात डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या त्या कोण? हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत, तोवर त्यांना शेजारी बसवून डिस्क लावा. त्यांना बोलू द्या. ‘ही माझी मावसबहीण, हिने त्या दिवशी एकटीने शंभर माणसांचा स्वयंपाक सांभाळला,’ असं काहीतरी त्या सांगतील. तुम्ही मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा किंवा वहीत नावं लिहून घ्या. हे नंतर कुठूनही परत मिळणार नाही.

मुलांनाही बोलवा. आईबाबांच्या लग्नात नाचणारा काका आणि परकर-पोलकं घातलेली आत्या बघून त्यांना जेवढी गंमत वाटेल, तेवढी क्वचितच कशात वाटेल.

मग प्लेअरचं काय करायचं?

चालत असेल तर ठेवा. सगळ्या डिस्कच्या कॉपी होऊन त्या तपासून होईपर्यंत तरी ठेवाच. त्यानंतरही आजी-आजोबांच्या खोलीत भजन, कीर्तन आणि जुन्या नाटकांसाठी तो उपयोगी पडेल. ठेवताना आत डिस्क राहू देऊ नका, रिमोटमधले सेल काढून ठेवा आणि जमिनीलगत, ओलसर भिंतीजवळ ठेवू नका. डिस्क पाकिटात एकावर एक न रचता डबीत उभ्या ठेवा.

अजिबातच दुरुस्त होत नसेल तर तो साध्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्यासाठीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तुमच्या महापालिकेच्या ई-कचरा केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे तो द्या. द्यायच्या आधी मात्र एक आठवण ठेवा. ट्रे उघडून बघा. वर्षानुवर्षं शोधूनही न सापडलेली बारशाची डिस्क कदाचित त्यातच अडकलेली असेल.